झाडाचें वचन

पेय विकत घ्यावें आणि त्याच्या मोबदल्यांत विक्रेत्यानें वृक्षांची काळजी वाहावी, अशी एक योजना जर्मनींत २००२ सालीं निघाली. क्रोंबाखर नांवाच्या मद्यकंपनीनें दर पेटीमागें मध्य आफ्रिकेंतील एक चौरस मीटर अरण्य राखण्याचें वचन दिलें. अशा योजनेंत ग्राहक झाड पाहत नाहीं. किंमतीचा अल्प अंश एखाद्या संस्थेकडे जातो व काम तीच करते. म्हणूनच हें वचन पुरेसें स्पष्ट आहे काय, हा वाद २००६ सालीं तेथील संघीय न्यायालयापर्यंत गेला.

विद्यार्थिमित्रहो, सरबताच्या बाटलीवर असें वचन आढळल्यास विचारावें: झाड कोठें लावणार? पाणी कोण घालणार? तीन उन्हाळ्यांनंतर तें मोजणार कोण? शिरपूरचें वैशाखांतील ऊन रोपाची गय करीत नाहीं. येथें भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनीं नाले रुंद व खोल करून, बंधारे बांधून पाणी जमिनींत मुरविलें, तें झाडांनाहि जीवनदायी आहे. साक्री तालुक्यांतील बारीपाड्याच्या ग्रामस्थांनीं तर कांहींहि विकत न घेतां, तोडीस दंड ठरवून व पहारा ठेवून उजाड डोंगरावर पुन्हा जंगल वाढविलें.

येत्या पावसाळ्यांत आपण रोप लावूं, तेव्हां पाणी घालण्याच्या पाळ्याहि त्याच दिवशीं ठरवूं या.