चालेल, पण किती?

गावचा सुतार बैलगाडीचे चाक करतो तेव्हा ते त्याच गाडीच्या आसावर बसवून पाहतो, तासतो, पुन्हा बसवतो. जोडी जमली की काम झाले. तेच चाक दुसऱ्या गाडीला बसेलच असे नाही. कारखान्यात मात्र असे भागत नाही. शाफ्ट एका गावी तयार होतो, बुश दुसऱ्या गावी, आणि दोघांची गाठ पडते तुमच्या विहिरीवरच्या पंपात. तिथे कानस घेऊन कोण बसणार?

मग दोन्ही मापे अगदी नेमकी ठेवावीत, असे कोणी म्हणेल. पण ते होत नाही. हत्यार झिजते, लोखंड तापले की फुगते. म्हणून कारखानदार वेगळाच प्रश्न विचारतो : फरक पडणारच, तर किती पडलेला चालेल? या आधीच ठरवून दिलेल्या फरकाला टॉलरन्स म्हणतात. आपण त्याला ‘मुभा’ म्हणू.

एक उदाहरण घ्या. २५ मिलिमीटर मापाच्या एका प्रचलित बैठकीत भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर चालते आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. सर्वांत जाड शाफ्ट सर्वांत लहान भोकात घातला, तरी ०.००७ मिलिमीटर फट उरते. तो अडकत नाही. सर्वांत बारीक शाफ्ट सर्वांत मोठ्या भोकात घातला, तर फट ०.०४१ होते, तो खडखडत नाही. मुभा वाढवली की यंत्र बिघडते, आणि उगाच कमी केली की किंमत वाढते. कुदळीच्या दांड्याला इतके काटेकोर माप लावणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे.

बाजारातही हीच रीत आहे. बंद पुड्यांसाठी २०११ साली झालेल्या नियमांप्रमाणे १ किलोच्या पुड्यात १५ ग्रॅमपर्यंतची तूट चालते. पण तपासणीसाठी काढलेल्या सगळ्या पुड्यांची सरासरी १ किलोच्या खाली जाता कामा नये. असे का? प्रत्येक पुडा १० ग्रॅमने कमी भरला, तर एकेकटा पुडा नियमात बसतो, पण गिऱ्हाईक मात्र दर वेळी नागवले जाते. खरी चूक कधी इकडे झुकते, कधी तिकडे. शिक्षकांनी मुलांकडून दहा-बारा पुडे मोजवून सरासरी काढून घ्यावी. गणितही होईल आणि शहाणपणही येईल.

माणसामाणसांतली मुभा याहून वेगळी नाही. पाटाच्या पाण्याची पाळी पाहा. आज शेजाऱ्याची पाळी दहा मिनिटे लांबली, उद्या आपली लांबेल. तेवढे चालवून घ्यावे, नाहीतर बांधाबांधावर भांडणे होतील. पण दर खेपेला त्याचीच पाळी लांबत असेल, तर ते सोसणे हा चांगुलपणा नव्हे. किती चालेल हे दोघांनी आधी ठरवावे, दोघांना ते सारखे लागू असावे, आणि हद्द ओलांडली की घड्याळ दाखवून स्पष्ट बोलावे.