मुक्या रुग्णाची शस्त्रक्रिया

भारतातील आधुनिक पशुवैद्यकाची उभारणी मुख्यतः घोडे आणि गुरेढोरे यांच्या गरजेतून झाली. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा बैल निकामी झाला की शेत पडीक राहत असे आणि घोडा लंगडला की गाडी थांबत असे. घरात हौसेने पाळलेल्या कुत्र्या-मांजरांची पाळी बरीच उशिरा आली. आता मात्र शहरांतील पशुवैद्यकीय दवाखान्यांत शस्त्रक्रियेच्या मेजावर बहुधा हेच रुग्ण दिसतात. त्यांच्यावरील शस्त्रक्रियेचे यश शल्यचिकित्सकाच्या हातावर जितके अवलंबून असते, तितकेच घरातील माणसाच्या नजरेवरही असते. कुत्रीच्या गर्भाशयात पू साचण्याच्या विकारावरून हे चांगले ध्यानात येते.

कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते. माज ओसरल्यावर, गर्भ राहिलेला असो वा नसो, सुमारे दोन महिने तिच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवत राहते. त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते, त्याचे आकुंचन मंदावते आणि जंतूंना प्रतिकार करण्याची त्याची शक्ती उणावते. गर्भाच्या रक्षणासाठी निसर्गाने केलेली ही व्यवस्था रिकाम्या गर्भाशयात जंतूंच्याच पथ्यावर पडते. योनिमार्गातून शिरलेले जंतू तेथे वाढतात व पू साचू लागतो.

या वेळी दिसणारे पहिले लक्षण फसवे असते. कुत्री वारंवार पाणी पिऊ लागते. जंतूंच्या विषामुळे मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही. पाणी शरीराबाहेर जाते आणि तहान वाढते. घरची माणसे मात्र उन्हाळ्याला दोष देतात. दिवसाकाठी दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी पोटात जात असेल, तर उन्हाळा हे कारण पुरेसे नाही. गर्भाशयाचे तोंड उघडे असेल तर दुर्गंधीयुक्त स्राव दिसतो, आणि तो दिसणे हे एका अर्थी भाग्यच. तोंड मिटलेले असेल तर पू आतच कोंडतो, पोट फुगते, अन्न सुटते, आणि दुखणे अंगावर काढण्यात गेलेला प्रत्येक दिवस महागात पडतो.

हा विकार विरळा नाही. स्वीडनमध्ये १९८८ पर्यंत वैद्यकीय कारणाशिवाय कुत्र्यांचे निर्बीजीकरण करण्यास कायद्याने मनाई होती आणि त्यानंतरही ती प्रथा तेथे फारशी रुजली नाही. तेथील विमा कंपन्यांच्या नोंदी तपासल्या असता, दहा वर्षांची होईपर्यंत पाचांतून किंवा चारांतून एका कुत्रीला हा विकार जडतो, असे आढळून आले. एकदा पिले झाली की धोका टळतो, हा समज आपल्याकडे बराच प्रचलित आहे. परंतु पिले झालेल्या कुत्र्याही या विकाराने दगावतात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे अंडाशयांसह गर्भाशय काढून टाकणे. तथापि पशुवैद्य लगेच सुरी हाती घेत नाही. प्रथम शिरेतून क्षारद्रव व प्रतिजैविके देऊन खालावलेला रक्तदाब सावरावा लागतो; तसे न करता भूल दिल्यास ती भूलच जिवावर बेतू शकते. श्वासनलिकेत नळी घालून आयसोफ्लुरेनसारखा वायू दिला जातो. केस भादरलेले, कातडी जंतुनाशकाने ओली आणि पोट उघडे, अशा अवस्थेत लहान प्राण्याचे शरीर झपाट्याने थंड पडते; म्हणून त्याला ऊब द्यावी लागते. एरवी पेन्सिलीएवढे असणारे गर्भाशय आता मनगटाएवढे झालेले असते. त्याची ताणलेली भिंत फाटली तर सारा पू पोटात सांडतो, यासाठी ते तळहातावर अलगद तोलून बाहेर घेतात, रक्तवाहिन्या बांधतात आणि मगच कापतात. निरोगी तरुण कुत्रीचे निर्बीजीकरण करताना हीच शस्त्रक्रिया किती सोपी असते! तरीही पुष्कळ पालक तो खर्च टाळतात आणि पुढे त्याहून कितीतरी मोठ्या खर्चाला व धोक्याला सामोरे जातात.

शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेविषयी एकेकाळी एक विचित्र मत रूढ होते. वेदना असली म्हणजे प्राणी स्वस्थ पडून राहतो, म्हणून ती शमवू नये, असे कित्येक जाणकारही म्हणत. हे मत आता मागे पडले आहे. वेदनेने झोप व भूक हरपते आणि जखम भरण्यास विलंब लागतो. प्राणी आपले दुःख सांगत नाही, इतकेच नव्हे, तर ते लपवितो. कुत्री पाठ वाकवून बसते, टाक्यांकडे वळून वळून पाहते. मांजर तर कोपऱ्यात निमूट दडते आणि घरचे म्हणतात, किती शांत आहे! अशा वेळी माणसांच्या औषधांच्या पेटीकडे हात जाता कामा नये. पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निरुपद्रवी करण्याची क्षमता त्याच्या यकृतात फारच अल्प असते.

टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखा पट्टा असावा. तो काढावा म्हणून कुत्रीने कितीही विनवणीच्या नजरेने पाहिले तरी पालकाने विरघळू नये. बहुतेक रुग्णांत मूत्रपिंडांचे काम हळूहळू पूर्ववत होते, आणि पाण्याचे भांडे पूर्वीइतक्याच वेळा भरावे लागते.