सांडपाण्याच्या टाकीतला विषारी वायू

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत विषारी वायूचा धोका केवळ रसायनांच्या विभागात नसतो. सांडपाण्याच्या बंद टाकीतही असतो. गाळ कुजून तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. त्याला सडक्या अंड्यांचा दर्प येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांच्या आसपास तो गेला की नाक बधिर होते आणि वायू ओसरला असे वाटते. 500 च्या पुढे माणूस पाहता पाहता कोसळतो. गाळ ढवळताच वायू उसळतो, त्यामुळे उतरण्यापूर्वीची एकच तपासणी पुरत नाही. क्लेशदायक हे, की साथीदाराला काढायला धावलेलेही दगावतात. नाकावर बांधलेला रुमाल निरुपयोगी; बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा, कमरेला दोर आणि वर पहाऱ्याला माणूस हवाच. हाच धोका गटारांतही असतो; गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. गटारमृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये 30 लाख रुपये केली.