ई-सिगारेट आणि धूम्रपानमुक्ती : संशोधनाचे निष्कर्ष व त्यांची मर्यादा

प्रस्तावना :
ई-सिगारेट हे धूम्रपान सोडण्याचे साधन आहे की नव्या व्यसनाचे प्रवेशद्वार, हा सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातील वादाचा विषय आहे. दोन्ही पक्षांच्या हाती संशोधनाचा आधार आहे. मात्र एका गटाविषयीचा निष्कर्ष दुसऱ्या गटास लागू केल्यास दिशाभूल होते. प्रस्तुत लेखात या निष्कर्षांची व्याप्ती स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ई-सिगारेटचे स्वरूप :
चीनमधील औषधनिर्माता होन लिक यांनी २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटचे पूर्वरूप विकसित केले. या उपकरणात बॅटरीवर तापणारी तार प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटीन असलेल्या द्रवाचे वाफेसारख्या तुषारांत रूपांतर करते. तंबाखू जळत नसल्याने डांबर निर्माण होत नाही व कार्बन मोनॉक्साईडचा संपर्क जवळजवळ टळतो. तथापि या तुषारांत सूक्ष्म कण, धातूंचे अंश आणि अल्डिहाइडे आढळतात. म्हणून ‘सिगारेटपेक्षा कमी घातक’ याचा अर्थ ‘निरुपद्रवी’ असा होत नाही.

धूम्रपान सोडण्यासंबंधीचे संशोधन :
पीटर हाजेक व सहकाऱ्यांचे संशोधन २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात इंग्लंडमधील धूम्रपानमुक्ती केंद्रांत आलेल्या ८८६ प्रौढांचा समावेश होता. एका वर्षानंतर ई-सिगारेट गटातील १८ टक्के, तर निकोटीनची पट्टी, च्युइंगम इत्यादी वापरणाऱ्या गटातील ९.९ टक्के व्यक्ती सिगारेटपासून दूर होत्या. येथे दोन बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. एक, दोन्ही गटांना समुपदेशन मिळत होते. दोन, ई-सिगारेटच्या साहाय्याने यशस्वी झालेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षाअखेरीस ई-सिगारेट ओढतच होते. अर्थात, सिगारेट सुटली; निकोटीन बहुतेकांचे सुटले नाही.

दुसरी बाजू :
ज्याने कधीच धूम्रपान केले नाही, त्या युवकास या लाभाचा संबंध नाही. त्याच्या वाट्याला केवळ जोखीम येते. किशोरवयात मेंदूचा विकास चालू असल्याने निकोटीनची सवय लवकर जडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक अकादमींच्या २०१८ च्या अहवालानुसार, ई-सिगारेट वापरणारे युवक पुढे साधी सिगारेट ओढून पाहण्याची शक्यता वाढते, असे दर्शविणारा भरीव पुरावा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत उद्भवलेल्या फुप्फुसविकाराच्या साथीत फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यूंची नोंद झाली. त्याचा संबंध प्रामुख्याने गांजातील मादक घटक असलेल्या द्रवात मिसळलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या अ‍ॅसिटेटशी आढळला. त्यामुळे या घटनेचा दोष सरसकट सर्व ई-सिगारेटींना देणेही शास्त्रीय ठरत नाही.

भारतीय संदर्भ :
भारताने २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. केवळ साठवणुकीसाठी शिक्षा सौम्य आहे. येथील तंबाखूसेवनाचे स्वरूपही इंग्लंडहून भिन्न आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षे व त्यावरील २४.४ टक्के व्यक्ती धूररहित तंबाखूचे सेवन करीत होत्या, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. मळलेली तंबाखू, खर्रा, मिश्री यांच्या व्यसनास सिगारेटच्या पर्यायाविषयीचे संशोधन थेट लागू पडत नाही.

समारोप :
लाभ होणारा गट प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांचा आणि हानी पोहोचणारा गट प्रामुख्याने व्यसन नसलेल्या युवकांचा, हा भेद विसरल्यास दोन्ही बाजूंचे प्रतिपादन एकांगी होते. महाविद्यालयीन विद्यार्थी वयाने दुसऱ्या गटाच्या जवळचा असल्याने प्राध्यापकांची जबाबदारी मोठी आहे. अतिरंजित भीती घालण्याऐवजी हा भेद समजावून सांगणे अधिक विश्वासार्ह ठरेल. ज्यास व्यसन जडले आहे, त्यास समुपदेशन, निकोटीन पर्यायी उपचार आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा मार्ग दाखविणे उचित होय.