तारेखालचा तालुका

नीरा भीमेला मिळते तिथे, पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकावर, इंदापूर तालुक्यात नरसिंहपूर आहे. इथला लक्ष्मी-नृसिंह अनेक घराण्यांचे कुलदैवत. वैशाखातल्या नृसिंह जयंतीला लांबलांबची कुटुंबे येतात. पण रेल्वेने निघालेल्याला कुर्डुवाडीला उतरून टेंभुर्णीकडे जाणारे वाहन शोधावे लागते. तालुक्याच्या उत्तर कडेने दीडशे वर्षांहून अधिक काळ गाड्या धावतात, आतल्या गावांची भिस्त मात्र रस्त्यावरच आहे. रेल्वेच्या विद्युतीकरणाचा हिशेब या टोकावरून मांडायला हवा.

मुंबई–पुणे मार्गावरचा बोरघाट 1863 मध्ये खुला झाला, त्याआधीच 1860 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचा लोहमार्ग पुण्याहून सोलापूरला पोचला होता. तो डिकसळजवळ भीमा ओलांडत असे. पुढे उजनी धरणाच्या फुगवट्यामुळे रूळ हलवावे लागले आणि रेल्वेचा जुना दगडी पूल रस्त्याच्या वाहतुकीला मिळाला. इकडे दौंड–बारामती ही अडीच फुटी नॅरोगेज 1914 ची. कालांतराने तीही ब्रॉडगेज झाली.

विजेची वाट मात्र रेंगाळली. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईहून कुर्ल्याला विजेची गाडी सुटली. 1930 मध्ये डेक्कन क्वीन पुण्याला येऊ लागली. तिथून दौंड अवघे 75 किलोमीटर, पण विजेची तार पोचायला 2017 उजाडले. घाटाच्या चढणीला विजेची निकड होती. सपाटीवर आधी वाफेचे, मग डिझेलचे इंजिन चालून जात होते. आता 25 हजार व्होल्टची तार सोलापूरच्या पुढेही गेली आहे. 23 फेब्रुवारी 2023 रोजी औसा रोड–लातूर रोड टप्पा पुरा झाला आणि मध्य रेल्वेचे सारे ब्रॉडगेज मार्ग विजेवर आले. विजेच्या गाडीचे इंजिन बदलण्याचा खोळंबा टळला. तरी तालुक्यातल्या भिगवणच्या प्रवाशाला जास्त जाणवले ते दुहेरीकरण. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी ताटकळणे त्यामुळे संपले.

तारेचे गावाशी नाते फाटकावर दिसते. रुळांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कमानी उभ्या राहिल्या. उसाची ट्रॉली शिगोशीग भरलेली असली, की ड्रायव्हर कमानीआधी ट्रॅक्टर थांबवून वर नजर टाकतो. वाढे आडव्या दांडीला घासेल का, याचा अंदाज घेतो. फाटक बंद करून भुयारी मार्ग केला, तर पावसाळ्यात तिथे तळे साचण्याची धास्ती.

याच तालुक्याच्या कडेला, उजनीच्या जलाशयात, 21 मे 2024 रोजी कुगाव ते कळाशी या जलमार्गावर बोट उलटून सहा जण बुडाले. तारेखालून गाड्या धावत असताना माणसे धरणाचे पाणी होडीने ओलांडत होती. म्हणून किती किलोमीटर तार ओढली, एवढ्यावर परिसराची प्रगती मोजता येत नाही. फुगवट्यावरचे पूल, कोरडे भुयारी मार्ग आणि गाडीच्या वेळेला जुळणारी एसटी हेही रेल्वेचेच उरलेले काम समजले पाहिजे. यातल्या शेवटच्या गोष्टीसाठी तर खांबही रोवावा लागत नाही. कुर्डुवाडीचे वेळापत्रक समोर ठेवून नरसिंहपूरची एसटी सोडली, तरी पुरे.