उंच हवेतील रजःकण

नागपूरच्या प्रताप नगरातील एखाद्या गच्चीवर पहाटे अथवा सायंकाळी जो उभा राहील, त्यास दक्षिणेकडे सोनेगावच्या वेधशाळेतून सुटलेला पांढरा फुगा कधीमधी दृष्टीस पडतो. हवामान खात्याचा हा नित्याचा रिवाज आहे. फुग्याखाली टांगलेले हलके यंत्र तापमान, आर्द्रता व वाऱ्याची चाल यांचा वृत्तान्त रेडिओवरून कळवीत सुमारे ३० किलोमीटर उंचीपर्यंत चढते, आणि विरळ हवेत फुगत फुगत अखेर रबर फाटले म्हणजे त्याची कामगिरी संपते. त्या हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची नोंद मात्र त्याच्या दप्तरी होत नाही.

त्यासाठी यंत्र निराळे लागते. अंधाऱ्या माजघरातील कवडशात एरवी अदृश्य असणारे रजःकण जसे लखलखतात, त्याच न्यायाने या यंत्रातील पंप बाहेरची हवा ओढून प्रकाशझोतातून नेतो, आणि प्रत्येक कणावरून विखुरणाऱ्या प्रकाशावरून त्याची गणना होऊन आकारही अजमावला जातो. दुसऱ्या एका जातीच्या, जेमतेम अर्धा किलो वजनाच्या यंत्रात निळा व अवरक्त असे दोन दिवे असून भोवतालच्या कणांवरून परतणारा त्यांचा प्रकाश मोजला जातो. सूर्यापुढे या दिव्यांचा पाड लागत नाही, म्हणून त्याचे उड्डाण रात्रीच करावे लागते.

१९६० च्या सुमारास क्रिश्चन युंगे या जर्मन शास्त्रज्ञाने फुग्यांच्याच साह्याने स्थितांबरातील गंधकयुक्त कणांचा थर दाखवून दिला. आपल्या डोक्यावरचा थर वेगळा. २०११ साली उपग्रहाच्या नोंदींवरून असे उघडकीस आले की, ऐन पावसाळ्यात आशियावर १३ ते १८ किलोमीटर उंचीच्या दरम्यान कणांचा एक विस्तीर्ण पट्टा तयार होतो. मोसमी मेघांबरोबर खालची दूषित हवा वर जाते आणि तिबेटच्या बाजूस घोंगावणाऱ्या चक्राकार वाऱ्यांत कोंडून राहते. पावसाने हवा धुऊन निघते अशी ज्यांची खात्री आहे, त्या आम्हां नागपूरकरांस हे थोडे चमत्कारिकच वाटेल! उपग्रह दुरून पाहतो. कण कशाचे, याचा पुरता जबाब त्या हवेत शिरल्यावाचून मिळत नाही. म्हणून २०१४ पासून इस्रो व नासा यांनी मिळून गादंकी, हैदराबाद आदी ठिकाणांहून फुगे सोडले, आणि २०१७ साली हैदराबादेहून सोडलेल्या फुग्यांनी आणलेल्या नमुन्यांत नायट्रेट सापडले.

हैदराबादेस टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. तेथील अजस्र प्लास्टिकच्या फुग्यांखालची यंत्रे हवाई छत्रीने उतरतात, ती वाऱ्याच्या मर्जीने कधी महाराष्ट्राच्या हद्दीतही येतात. शिवारात अशा यंत्राची पेटी आढळल्यास ती न उघडता, न हलवता, जवळच्या पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी.