सागरी शैवाले : लेखांक ७ — मुद्दल आणि व्याज

गेल्या आठवड्यात आपण खडकाला चिकटून आयुष्य काढणारी शैवाले पाहिली. आज त्यांच्याच कुळातील, परंतु आधार सुटला तरी न मरणारे, किंबहुना सुटल्यावरच फोफावणारे 'उल्वा प्रोलिफेरा' पाहावयाचे आहे. २००८ साली ऑलिंपिकमधील शिडाच्या नौकांच्या शर्यती चीनमधील ज्या चिंगदाओ बंदरी व्हावयाच्या होत्या, तेथे ऐन शर्यतींच्या तोंडावर याच वनस्पतीने समुद्राचे कुरण करून टाकले. हजारो सैनिक आणि स्वयंसेवक राबले, दहा लाख टनांवर शेवाळ उपसले गेले, तेव्हा कोठे नौकांना वाट मिळाली.

ओंजळीत घ्यावे तर हे भिजलेल्या हिरव्या रेशमाच्या लडीसारखे दिसते. त्यातील एक तंतू चिमटीत दाबला की तो चपटा होतो आणि आतला बुडबुडा पुढे सरकतो. कारण तंतू म्हणजे पेशींच्या एकाच थराची पोकळ नळी, आणि प्रकाशात निर्माण झालेला प्राणवायू तीत कोंडून राहिल्यामुळेच ती तरंगते. (अशा नळीदार जातींचे वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरात दीर्घकाळ 'एंटेरोमॉर्फा' असे स्वतंत्र खाते होते, २००३ साली ते बंद होऊन त्या पुन्हा लिनियसने १७५३ मध्ये घातल्या होत्या त्याच 'उल्वा'च्या खात्यावर जमा झाल्या.)

मूळ, खोड, पान अशी कामाची वाटणी येथे नाही. बुडाच्या थोड्या पेशी वगळल्या तर प्रत्येक पेशी स्वतःच अन्न तयार करते, स्वतःच नत्र शोषते आणि वेळ येताच स्वतःच प्रसवते: तिच्या आतील द्रव्याचे बहुधा आठ वा सोळा भाग होतात, भिंतीला छिद्र पडते, चार चाबकांसारखे केस हलवीत बीजाणू बाहेर पोहत निघतात, आणि मागे पांढरे रिकामे कवच तेवढे उरते. दोन केसांचे युग्मकही निघतात. जोडीदार न भेटला तरी त्यांतले कित्येक एकटेच रुजतात. त्यातही नवल असे की, नळीचे बारीक तुकडे केले म्हणजे प्रसवाला आवर घालणारी तिच्या अंगची द्रव्ये धुऊन जातात आणि दोन-तीन दिवसांत तुकडे बीजाणू सोडू लागतात. नायनाट करावयास जावे आणि पेरणी होऊन बसावी, असा हा उफराटा कारभार.

वाढीचे म्हणाल तर, दररोज पाचवा हिस्सा भर पडते असे धरले — आणि अनुकूल पाण्यात ही अतिशयोक्ती नव्हे — तर शेराचे तीस दिवसांत सुमारे २३७ शेर होतात. चक्रवाढीचे हे गणित आपल्याकडील कर्जबाजारी कुळाला कोणी शिकवावयास नको!

मुद्दल येते ते दक्षिणेकडील च्यांगसू प्रांताच्या उथळ, गढूळ समुद्रातून. तेथे नोरी नावाच्या खाद्य शैवालाची मोठी लागवड चालते. वसंतात हंगाम संपला की शेतकरी दोरखंड व बांबू खरवडून त्यांवरची हिरवी पुटे बिनदिक्कत पाण्यात लोटतात. नद्यांनी आणलेल्या खतावर पोसत, दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्याने ढकलली जात ती पुटे उत्तरेस सरकतात आणि जूनच्या सुमारास चिंगदाओला लागतात. पुढे पाणी तापले की हे सारे पिवळे पडून तळाशी जाते आणि कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी सुटते. मात्र च्यांगसूच्या गाळात सूक्ष्म बीजाणू हिवाळाभर जिवंत असतात, आणि शरदात त्याच पाण्यात नोरीच्या जाळ्यांसाठी पुन्हा नवे बांबू रोवले जातात.